‘मोकळी झाली’ ते ‘डिलिव्हरी केली’ : प्रसूतिगृहातील शब्दांचा प्रवास

१/
आजचा धागा प्रसूतिगृहात बोलल्या जाणाऱ्या शब्दांविषयी. बाईला कळा सुरू झाल्यापासून बाळ हाती येईपर्यंत तिच्या खाटेशी सर्वाधिक काळ उभी असते ती परिचारिका. डॉक्टर येतात, तपासतात, पुढच्या खाटेकडे वळतात. निदान त्यांचे असते. पण ते ज्या शब्दांत बाईच्या कानी पडते, ते शब्द बहुधा परिचारिकेचे असतात. हे शब्द आले कुठून, कोणासाठी घडले आणि आज ते तसेच बोलावेत का, याचा हा मागोवा.

२/
माझे मत आरंभीच मांडतो. यांतले बहुतेक शब्द वाईट हेतूने घडलेले नाहीत. एका वैद्याने दुसऱ्या वैद्याला थोडक्यात कळवावे, केसपेपरवर ओळ भरावी, आलेख काढावा, यासाठी ते घडले. बिघडले ते हे शब्द कागदावरून उठून खाटेपाशी आले तेव्हा. म्हणून परिचारिकेची शब्दनिवड हा ‘गोड बोलण्या’चा विषय नाही. नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे यांच्याच पंक्तीतले ते कौशल्य आहे.

३/
प्रारंभ सर्वांत परिचित शब्दापासून करू : डिलिव्हरी. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘मुक्त करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. जुन्या इंग्रजीत बाळाची ‘डिलिव्हरी’ होत नसे, बाईची होत असे. ‘ती अमुक बाळापासून मुक्त केली गेली’ अशी ती वाक्यरचना होती. संकटातून सुटणारी, मोकळी होणारी व्यक्ती बाई होती. तिची सुटका हाच त्या शब्दाचा गाभा होता.

४/
हे वाचताना मराठी वाचकाला आजीची भाषा आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘सून मोकळी झाली का?’, ‘हातीपायी सुखरूप सुटली’, ‘देवाच्या दयेने सुटका झाली’. इंग्रजीचा आणि आपला काहीही संपर्क नव्हता तेव्हापासून दोन्ही भाषांनी प्रसूतीला एकच नाव दिले होते : सुटका. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे मानणाऱ्या समाजात हेच नाव स्वाभाविक होते. मृत्यू उंबऱ्याशी उभा असे आणि त्याच्या हातून ती सुटे.

५/
पुढे इंग्रजी वाक्याचा कर्ता बदलला. प्रसूती घरातून रुग्णालयात गेली आणि ‘ती मुक्त झाली’ याऐवजी ‘डॉक्टरांनी बाळ डिलिव्हर केले’ असे म्हटले जाऊ लागले. टपालाच्या पुडक्यासाठी जो शब्द, तोच बाळासाठी. कळा सोसणारी, जोर लावणारी, श्रमाने निथळणारी बाई या वाक्यातून नाहीशीच झाली. इंग्रजीत प्रसूतिवेदनांना ‘लेबर’, म्हणजे श्रम, म्हणतात. श्रम तिचे आणि श्रेय दुसऱ्याचे, अशी ही वाक्यरचना.

६/
मराठीने मात्र येथे एक गंमत केली आहे. आपल्याकडच्या परिचारिका सर्रास म्हणतात, ‘चार नंबरची पेशंट डिलिव्हर झाली.’ शब्द परका, पण व्याकरण आपले. कर्ता पुन्हा बाईच! ‘बाळंत झाली’ या सवयीच्या साच्यात नवा शब्द बसला आणि नकळत आपल्या मूळ अर्थाकडे परतला. शिवाय मराठीत ‘बाळंतपण करणे’ म्हणजे बाळ बाहेर काढणे नव्हे. ‘आईने माझे बाळंतपण केले’ याचा अर्थ तिने सव्वा महिना माझी शुश्रूषा केली. करणारी व्यक्ती आहे, पण तिचे कर्म आहे काळजी घेणे.

७/
साहाय्य करणाऱ्यांची नावेही पाहावीत. इंग्रजीतील ‘मिडवाइफ’चा मूळ अर्थ ‘बाईसोबत असणारी’. प्रसूतिशास्त्राला ज्या लॅटिन शब्दावरून ‘ऑब्स्टेट्रिक्स’ हे नाव मिळाले, त्याचा अर्थ ‘समोर उभी राहणारी’. आणि ‘गॉसिप’ हा शब्द? तो मुळात धर्मनात्याच्या व्यक्तींसाठी होता. प्रसूतीच्या वेळी जमणाऱ्या बायकांनाही तो लागू झाला आणि कालांतराने ‘चहाडी, वायफळ बोलणे’ या अर्थावर घसरला. सोबत करणाऱ्या बायकांच्या बोलण्याला समाज काय किंमत देतो, हे या एका शब्दाच्या उतरणीत दिसते.

८/
केसपेपरवर पूर्वी ‘ई. डी. सी.’ अशी आद्याक्षरे असत. काही ठिकाणी अजूनही असतात. त्यांचा अर्थ ‘एक्स्पेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट’. कन्फाइनमेंट म्हणजे कोंडून घेणे, बंदिवास. बाळंतिणीने ठरावीक दिवस खोलीबाहेर पडू नये, या युरोपीय प्रथेतून तो शब्द आला. प्रथा गेली, आद्याक्षरे राहिली. आपल्याकडचा ‘सोयर’ आणि बाळंतिणीची अंधारी खोली हे त्याच कुळातले. वैद्यकाची भाषा आपण समजतो तितकी निर्विकार नसते. तिच्यात जुन्या घरांच्या भिंती उभ्या असतात.

९/
‘दाई’ या शब्दाचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. फारसीतून आलेला हा शब्द मुळात मानाचा. इंग्रजी राजवटीतील वैद्यकीय लेखनात मात्र तो अस्वच्छता आणि अज्ञान यांचा समानार्थी होऊन बसला. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सुइणींची नोंदणी सुरू झाली. हिंदुस्थानात १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. प्रशिक्षणाची गरज खरीच होती. जंतुसंसर्गाने बायका मरत होत्या. पण अस्वच्छ हातांबरोबर त्या बाईचे शब्दही टाकाऊ ठरले.

१०/
या उलथापालथीत मराठी स्त्रिया अगदी प्रारंभापासून होत्या. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथून विधवा व गरजू स्त्रिया परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण घेऊ लागल्या. डॉक्टरांचे शास्त्र आणि बाईची बोली यांच्या मधोमध उभी असलेली मराठी परिचारिका तेव्हापासूनची. दुभाषीपण हा तिच्या कामाचा भाग होता. मात्र त्या कामाचे नाव कोणी घेतले नाही.

११/
आता आधुनिक प्रसूतिगृहातील सर्वांत बोचऱ्या वाक्प्रयोगाकडे येऊ : ‘फेल्युअर टू प्रोग्रेस’, म्हणजे प्रगती करण्यात अपयश. याची पार्श्वभूमी अशी. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेखरूप अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भाशयमुख किती सेंटिमीटर उघडले ते. तोवर अनुभवी हातांनाच कळणारी गोष्ट प्रथमच कागदावर वक्ररेषा होऊन उमटली.

१२/
१९७२ मध्ये तत्कालीन ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल यांनी त्यावर दोन रेषा चढवल्या. पहिली सावधानतेची, ताशी एक सेंटिमीटर या वेगाची. दुसरी तिच्यानंतर चार तासांनी, कृतीची. हेतू अत्यंत उदात्त होता. दूरच्या दवाखान्यात एकट्या असलेल्या सुइणीला कळावे की या बाईला मोठ्या रुग्णालयात कधी हलवायचे. या कागदाला पार्टोग्राफ म्हणतात. अडलेल्या प्रसूतीने होणारे मृत्यू टाळण्यात त्याचा वाटा मोठा आहे आणि आपल्याकडच्या परिचारिकाही तो भरण्यास शिकतात.

१३/
परंतु रेषा ओढली की कोणीतरी तिच्या मागे पडतेच. वक्ररेषा अनेकींच्या सरासरीची होती. ती एकेकीच्या परीक्षेची झाली. ‘प्रगतीत अपयश’ या शब्दांत अपयशी कोण, हे सांगितलेले नाही; पण खाटेवर एकच व्यक्ती असते, त्यामुळे तो शिक्का तिच्यावरच बसतो. गर्भाची स्थिती तिरकी असेल, कळा क्षीण असतील, कटिर लहान असेल किंवा नुसता धीर धरण्याची गरज असेल. कारणे अनेक, शब्द एकच. कारण न सांगता निकाल सांगणारा शब्द वैद्यकीय दृष्ट्याही आळशीच म्हणावा लागेल.

१४/
येथे शास्त्रानेच आपली चूक सुधारली, हे नोंदवले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत म्हटले की, प्रसूतीची सक्रिय अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरावी आणि ताशी एक सेंटिमीटरहून कमी वेग हे एवढेच कारण हस्तक्षेपास पुरेसे मानू नये. २०२० मध्ये पार्टोग्राफच्या जागी नवा तक्ता आला. त्यात बाईसोबत कोणी आहे का, तिने पाणी घेतले का, ती कोणत्या स्थितीत आहे, वेदना कमी करण्यासाठी काय केले, याही रकाने भरून घ्यायच्या नोंदी आहेत. ज्या बाईला शास्त्र ‘अपयशी’ म्हणत होते, तिच्यापैकी अनेकजणी निव्वळ आपल्या वेगाने चालल्या होत्या.

१५/
मराठी परिचारिका हे कसे सांगते? चांगली परिचारिका म्हणते, ‘पिशवीचं तोंड तीन बोटं उघडलंय, अजून वेळ आहे, पहिलटकरणीला लागतोच.’ या एका वाक्यात मोजमाप आहे, पुढचा अंदाज आहे आणि धीरही आहे. दुसरी म्हणते, ‘काही प्रोग्रेस नाही हिची.’ दोघींनी पाहिलेली वस्तुस्थिती एकच आहे. पहिल्या वाक्यानंतर बाई श्वास घेते. दुसऱ्यानंतर ती दाराबाहेर उभ्या असलेल्या सासूच्या चेहऱ्याचा विचार करू लागते.

१६/
आपल्या परंपरेत याला पर्यायी दृष्टी होती का? होती. सुश्रुतसंहितेत अडलेल्या प्रसूतीला ‘मूढगर्भ’ म्हटले आहे. म्हणजे ज्याची वाट चुकली, गती खुंटली असा गर्भ. नाव स्थितीला दिले आहे, बाईला नाही. बोली मराठीतही ‘बाई अडली’ असे म्हणतात. अडणे म्हणजे वाटेत अडथळा येणे. अडलेल्या माणसाला हात द्यायचा असतो, त्याला नापास करायचे नसते. मात्र परंपरेचे सोवळे मिरवण्याचे कारण नाही. त्याच समाजाने मूल न झालेल्या स्त्रीला ‘वांझ’ हा शब्द दिला आणि तो शस्त्रासारखा वापरला.

१७/
दुसरे उदाहरण मुंबई-गोव्याशी थेट जोडलेले. काही स्त्रियांचे गर्भाशयमुख चौथ्या-पाचव्या महिन्यातच, कळा नसताना, उघडू लागते आणि गर्भ टिकत नाही. १९५० मध्ये लॅश आणि लॅश या अमेरिकी तज्ज्ञांच्या निबंधाच्या शीर्षकात या अवस्थेसाठी ‘इन्कॉम्पिटंट’ हा शब्द होता. पुढे ‘इन्कॉम्पिटंट सर्व्हिक्स’ रूढ झाले. सामान्य इंग्रजीत इन्कॉम्पिटंट म्हणजे नालायक, अकार्यक्षम.

१८/
या अवस्थेवर १९५५ मध्ये जगाला उपाय दिला तो मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेल्या या शल्यवैद्याने मांडीच्या स्नायूंवरील आवरणाची पट्टी वापरून गर्भाशयमुखाभोवती टाका घालण्याची रीत काढली. ‘शिरोडकर टाका’ आजही जगभर त्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात मात्र काळाचा शब्द होता : ‘हॅबिच्युअल अबॉर्शन’, म्हणजे सवयीचा गर्भपात. ज्या माणसाने असंख्य बायकांची कूस भरली, त्यालाही हातात आली ती भाषा बाईला ‘सवय’ लावणारीच.

१९/
न्यायाने सांगायचे तर हृदयाची झडप नीट मिटत नसेल, तर तिलाही वैद्यक ‘इन्कॉम्पिटंट’ म्हणते. वैद्याला अभिप्रेत असते एवढेच की, जे मिटून राहायला हवे ते राहत नाही. पण झडपेला कान नसतात, बाईला असतात. आज त्या जागी ‘अपुरेपणा’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द अधिक वापरला जातो. मराठीत परिचारिका म्हणते, ‘पिशवीचं तोंड लवकर उघडतंय, म्हणून टाका घालायचाय.’ काय होते आहे आणि काय करायचे आहे, दोन्ही सांगून झाले. कोणाला नालायक ठरवण्याची गरज भासली नाही.

२०/
तिसरे उदाहरण शब्द बदलता येतात याचे. इंग्रजी वैद्यकात आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्ही गर्भपातांना ‘अबॉर्शन’ हाच शब्द होता. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात रिचर्ड बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र लिहून सुचवले की, आपोआप झालेल्या गर्भपाताला ‘मिसकॅरेज’ म्हणावे, कारण हवे असलेले मूल गमावलेल्या बाईला दुसरा शब्द फार लागतो. ब्रिटिश वैद्यकाची भाषा त्यानंतरच्या वर्षांत खरोखरच बदलली. बायका हा शब्द आधीपासून वापरतच होत्या. वैद्यकाने तो नंतर स्वीकारला.

२१/
मराठीत ‘गर्भपात’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंत ‘गर्भस्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ‘गर्भपात’ असा भेद केला होता. तो काळाचा भेद, कारणाचा नव्हे. तरीही मराठीजवळ एक साधे साधन आहे : क्रियापद. ‘गर्भपात झाला’ आणि ‘गर्भपात केला’. नोंद घेताना ‘आधी अबॉर्शन केलंय का?’ असे नवऱ्यादेखत, सासूदेखत विचारले गेले, तर एका क्रियापदाने घरात संशयाचे बी पडते. ‘याआधी कधी गर्भ राहून गेला होता का?’ हा प्रश्न तीच माहिती मिळवतो. आणि करवून घेतला असेल, तर ते विचारण्याची जागा पडद्यामागे, एकटीला, आणि स्वरात न्यायाधीश नसताना.

२२/
येथे एक मोठी सावधगिरी. कठोर शब्द टाळणे आणि सत्य टाळणे यांत फरक आहे. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ पासून मांडले की, भीतीने ताण येतो आणि ताणाने वेदना वाढते. त्यांच्या व त्यांच्यामागून आलेल्या पंथांच्या प्रभावाने ‘पेन’ हा शब्द टाळून ‘काँट्रॅक्शन’, म्हणजे आकुंचन, म्हणण्याची रीत पसरली. आता काही शिबिरांत ‘लाट’ म्हणतात. ज्या बाईला तिने उपयोग होतो तिने जरूर म्हणावे. पण कळ येत असताना ‘ही वेदना नाही, लाट आहे’ असे दुसऱ्याने सांगणे हाही एक प्रकारचा अपमानच आहे.

२३/
म्हणूनच ‘कळ’ आणि ‘वेण’ हे आपले शब्द मला मोलाचे वाटतात. ते वेदना नाकारत नाहीत आणि तिचा बाऊही करत नाहीत. कळ येते, कळ जाते, कळ ‘द्यायची’ असते. ‘कळा देणे’ या प्रयोगात बाई नुसती सोसणारी नाही. देणारी, करणारी आहे. हा शब्दसंग्रह ज्या परिचारिकेच्या तोंडी आहे, तिने तो अडाणीपणाची खूण समजून टाकू नये. तिच्या पाठ्यपुस्तकातील कित्येक शब्दांपेक्षा तो अधिक अचूक आहे.

२४/
शब्दाच्या मोहाने जीव जाऊ शकतो, याचा पुरावा हवा असेल तर ‘नॉर्मल’ पाहा. इंग्लंडमधील बॅरो येथील फर्नेस जनरल रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाची चौकशी बिल किर्कप यांच्या अध्यक्षतेखाली झाली. अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. २००४ ते २०१३ या काळात वेगळे उपचार मिळते तर एक माता आणि ११ बालके वाचली असती, असा निष्कर्ष निघाला. कारणे अनेक होती. त्यांतील एक असे की, काही सुइणी कोणत्याही किमतीवर ‘नॉर्मल’ प्रसूतीच्या मागे लागल्या होत्या. २०१७ मध्ये ब्रिटनमधील सुइणींच्या संस्थेने ‘नॉर्मल बर्थ’ची मोहीम थांबवल्याचे समोर आले.

२५/
आपल्याकडे बारशाला आलेला प्रत्येक जण विचारतो, ‘नॉर्मल की सिझर?’ जणू दुसरी प्रसूती अनैसर्गिक, उणी, पैशाने सोडवलेली. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न खराच आहे आणि त्याचा जाब रुग्णालयांना विचारलाच पाहिजे. पण तो जाब पोटावर टाके घेऊन पडलेल्या बाईकडून घ्यायचा नसतो. परिचारिकेने फक्त जे घडले ते सांगावे : ‘आपोआप बाळंत झाली’, ‘चिमटा लावावा लागला’, ‘पोटावरून शस्त्रक्रिया करून बाळ घेतलं, दोघंही बरे आहेत’. वर्णन करावे, गुण देऊ नयेत.

२६/
आतापर्यंत शास्त्राच्या शब्दांविषयी बोललो. परंतु प्रसूतिगृहातील सर्वांत जखम करणारे शब्द कोणत्याही पुस्तकात नसतात. ‘तेव्हा बरं वाटलं, आता ओरडतेस?’ या आशयाचे टोमणे देशोदेशींच्या अभ्यासांत नोंदले गेले आहेत. भाषा निराळ्या, टोमणा तोच. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये ‘प्रसूतिविषयक हिंसा’ ही संज्ञा कायद्यातच आणली. भारतात केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतिसमयी सोबतिणीला मुभा दिली आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा अंतर्भाव केला. परिपत्रक दाराशी पोचले आहे; ते जिभेपर्यंत पोचायचे आहे.

२७/
‘तू की तुम्ही’ हा वादही येथे येतो. मला तो सर्वनामाचा प्रश्न वाटत नाही. ‘अगं, घाबरू नकोस, मी आहे ना’ हे वडीलधाऱ्या सिस्टरचे ‘अगं’ मायेचे असते. ‘ए, तीन नंबर, पाय वर घे’ हे पोलिसी असते. तिचे नाव केसपेपरवर लिहिलेले असते, ते वाचायला क्षणभर लागतो. ‘तीन नंबर’, ‘ती एल्डर्ली प्रायमी’ ही नावे नव्हेत. पस्तिशीनंतर पहिल्यांदा आई होणाऱ्या बाईसाठी ‘एल्डर्ली’, म्हणजे वृद्ध! मराठीत वयाचा उल्लेख न करता ‘पहिलटकरीण’ हा किती सुंदर शब्द तयार आहे.

२८/
आक्षेप पहिला : खाटा भरलेल्या, परिचारिका अपुऱ्या, रात्रपाळी दुहेरी, तिला शब्दांचे धडे कसले देता? आक्षेप रास्त आहे. एकाच वेळी पाच बायकांच्या कळा सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून मधुर भाषेची अपेक्षा करणे आणि तिची रिक्त पदे मात्र न भरणे हा ढोंगीपणा आहे. वरून खाली येणारा अपमान तीही रोज गिळत असते. ज्या विभागात डॉक्टर परिचारिकेला ‘ए सिस्टर’ म्हणून हाक मारतात, तेथे रुग्णाला ‘अहो’ मिळणे कठीण. पण म्हणून शब्दांचा मुद्दा गौण ठरत नाही. तो मनुष्यबळाच्या मागणीचा भाग होतो.

२९/
आक्षेप दुसरा : आद्याक्षरे आणि तांत्रिक शब्द गेले, तर घाईच्या वेळी गोंधळ होईल. ते जाऊच नयेत. रक्तस्राव सुरू झाला असता डॉक्टरला फोनवर नेमका, छोटा, सर्वांना सारखाच कळणारा शब्द हवा. तेथे लालित्य नको. म्हणणे एवढेच की एकीकडे नोंदीची भाषा असावी आणि दुसरीकडे खाटेची, आणि एकीतून दुसरीत येताना भाषांतर व्हावे. वकील न्यायालयात बोलतो तसे अशिलाशी बोलत नाही. तीच अपेक्षा येथे.

३०/
मग करावे काय? तीन गोष्टी. एक : परिचर्या महाविद्यालयांत नोंदीचा शब्द आणि खाटेपाशी बोलायचे वाक्य असे दोन रकान्यांत शिकवावे आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण असावेत. दोन : ही वाक्ये मंत्रालयात बसून तयार करू नयेत, अनुभवी परिचारिका आणि सुइणी यांच्याकडून वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांत आणि गडचिरोलीसाठी गोंडी-माडिया, नंदुरबारसाठी भिली-पावरी यांतही गोळा करावीत. तीन : बाळंत होऊन घरी जाणाऱ्या बाईला विचारावे, ‘तुमच्याशी काय बोलले गेले?’ आणि त्या उत्तराची नोंद ठेवावी.

३१/
तोवर प्रत्येक वाक्यासाठी एक साधी कसोटी पुरेल : या वाक्याचा कर्ता कोण आणि दोष कोणाच्या माथी गेला? ‘हिने जोरच लावला नाही’ आणि ‘बाळ अजून वर आहे, पुढच्या कळेला परत बघू’ यांतले अंतर या कसोटीवर लगेच कळते. दुसरे वाक्य गोड नाही; ते खरे आहे, कारण अचूक आहे. प्रसूतिगृहातील सौजन्य बहुतेक वेळा अचूकपणाच असतो.

३२/
ज्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता प्रसूतीला ‘सुटका’ म्हटले, त्यांना हे ठाऊक होते की त्या रात्री वाचते ती बाई, आणि वाचवणारी माणसे तिच्या बाजूला उभी असतात. ते नाते वाक्यात परत आणणे परिचारिकेच्या हातात आहे. तिला त्यासाठी वेळ, मान आणि प्रशिक्षण देणे आपल्या हातात आहे. आपल्या भागात, आपल्या घरात बाळंतपणाचे कोणते शब्द आहेत? कोणते वाक्य धीर देऊन गेले, कोणते अजून सलते? रुग्णालयाचे किंवा कोणाचेही नाव न घेता जरूर लिहा. परिचारिका भगिनींनी तर अवश्य. धागा समाप्त.